भिंतीच्या आधी चौकट

सौसर

प्रिय गुलाब,

पहिले एक सांगते, हे पत्र कोणापुढं मोठ्यानं वाचू नको. फोनच केला असता, पण तुह्या घरी फोन वाजला का तुही सून चंचल उचलते आन लगेच स्पीकरवर टाकते. मंग तू "हो बाई, बरी आहे, झालं जेवण" याच्या पुढं जात नाई, आन मले इकडं ऐकू येते का मागं टीव्हीत कोणाचं तरी लग्न मोडून राहिलं. म्हणून लिहाले बसली. मोहगावच्या शाळेत सातवीपर्यंत तुह्याच पाटीत डोकावून मी पास झाली, तवा माहं अक्षर तुले लागनच. आमचा मनोहर सुतार बोरगावले कोणाच्या तरी कामाले येऊन राहिला, त्याच्या हाती पाठवते. त्याले चहा पाज, पण पत्र वाचल्याबिगर काही विचारू नको. त्याले सगळं माहीत आहे आन त्याच्या पोटात काही राहत नाई.

तं झालं असं, का माह्या आंगणात सध्या एक दरवाजा उभा आहे. भिंती नाई, छत नाई, फरशी नाई. नुसती सागवानी चौकट, तिच्या डोक्यावर आंब्याच्या पानाचं सुकलेलं तोरण आन दोन्ही बगलेनं बांबूचा टेका. अक्षयतृतीयेपासून अशीच उभी आहे. गंमत पाह्य, आजूबाजूनं सगळं मोकळं असून बी आंगणात येणारा माणूस चौकटीतूनच येते. दूधवाला कॅन सांभाळत त्यातूनच वाकून येते. शेजारच्या बकरीले कोणी शिकवलं नाई, तरी ते बी त्यातूनच येते. परवा झाडता झाडता माह्या ध्यानात आलं, मी बी तिच्यातूनच आत गेली आन आतमधी गेल्यावर पदर सावरला, जसं काही तिथं कोणी मोठं माणूस बसलं आहे. माणसाले असं काहून होत असन? तू शाळेत असे प्रश्न विचारून मास्तरले तंग करत होती, म्हणून तुलेच विचारते.

आता भिंतीच्या आधी चौकट कशी आली ते ऐक. घराच्या बगलेनं जी जागा आहे ना, जिथं आमचे हे संत्र्याचे कॅरेट रचून ठेवत आन मले पाय टाकाले जागा देत नव्हते, तिथं एक खोली काढाचं माह्या मनात आलं. गौरवले इंदूरले फोन केला. पोरगा म्हणते, आई, एकटीले किती खोल्या लागते? मी म्हणलं, बापू, तुह्या बापाच्या घोरण्यालेच एक आखी खोली लागत होती, आता मले जागेची सवय झाली. हसला तो, पण बजावलं त्यानं, का पहिले नगरपालिकेतून नक्शा पास करून घे, मंगच विटेले हात लाव. मी नक्शा काढणाऱ्याकडं गेली, त्यानं कागदावर रेघा मारल्या, कॉम्प्युटरवर चढवल्या. इथपर्यंत मी एकदम कायद्याची बाई. पण मधातच अक्षयतृतीया आली. मनोहर म्हणे, काकू, चौकट तयार आहे, एवढा चांगला मुहूर्त मंग दिवाळीपर्यंत नाई. मले वाटलं, परवानगी खोलीले लागते, चौकटीले कोण विचारते? खड्डे खोदले, चौकट उभी केली, हळदकुंकू लावलं, वर पिवळ्या फडक्यात सुपारी बांधली, नारळ फोडला, मनोहरले टोपी-दुपट्टा दिला. पेढे वाटले. गल्लीतल्या बाया आल्या, कोणी नाक मुरडलं नाई. आपल्याकडं भिंत मागून येत राहते, चौकट टायमावर उभी राहिली पाहिजे.

पेढे खाल्ले आन मंग लोकाईच्या पोटात कळ उठली. म्हातारी एकटी, पोरगा इंदूरले, तं खोली कोणासाठी? मी बी मंग सोडलं नाई. दूधवाल्याले सांगतलं, पोलिसले किरायानं देऊन राहिली, तवापासून दूध घट्ट येते. समोरच्या अर्चनाले सांगतलं, पोट्ट्याईले पाढे शिकवाचा क्लास काढून राहिली, तं तिचा लहाना माह्या दारावरून जातानी पळतच जाते. आन बगलेच्या पुंडलिकराव गुरुजीले सांगतलं, का गुरुजी, आता या वयात एकटं जमत नाई, विचार करून राहिली नव्यानं संसार मांडाचा. बिचाऱ्याचा पेपर हातातून पडला. दुसऱ्या दिवशी दाढी करून वट्ट्यावर बसले होते. तिसऱ्या दिवशी नगरपालिकेत जाऊन लेखी हरकत देऊन आले.

हरकत काय, तं खिडकी. नक्शात माह्या खोलीची खिडकी त्याईच्या आंगणाकडं दाखवली होती आन गुरुजी सकाळी नळापाशी उघड्यावर पंचा लावून आंघोळ करते. मी जाऊन म्हणलं, गुरुजी, खिडकी नसतानी बी दिसतेच, मी काही नवीन पाहणार नाई. दुसऱ्याच दिवशी नळापाशी जुन्या चादरीचा पडदा लागला. त्या चादरीवर मोर आहेत. आता सकाळी मोराच्या मागून मंत्र ऐकू येते.

हरकत पोचली म्हणून मंग नगरपालिकेची उपयंत्री, म्हणजे तिथली इंजिनेर, जागा पाहाले आली. मी समजली, कोणी मिशीवाला साहेब येईन, तं एक बारकुशी पोरगी उतरली स्कूटीवरून, गायत्री नावाची. पांढुर्ण्याची आहे, नवीनच लागली. चौकटीपुढं उभी राहिली, इकडून पाह्यलं, तिकडून पाह्यलं आन म्हणे, "आजी, हे काय आहे?" मी म्हणलं, दरवाजा आहे. ते म्हणे, कोणाचा? मी म्हणलं, अजून कोणाचाच नाई, म्हणून तं तुह्या सहीची वाट पाहून राहिला. ते हसली, पण सोडलं नाई तिनं. टेप काढला, मले एक टोक धराले लावलं. म्हणे, बगलेनं हवा-उजेडाची जागा सोडावी लागते, तुमची चौकट बरोबर त्या मोकळ्या जागेत उभी आहे. मंजुरी आल्याबिगर आता एक वीट बी रचाची नाई, आन नियमात बसलं नाई तं चौकट बी काढा लागन. गुलाब, तवा मात्र माहं हसू गेलं. मले वाटलं होतं का पोळ्याच्या आत खोली उभी करीन. आन इथं पूजा केलेली चौकट उपटाची गोष्ट निघाली.

नक्शावरून आठवलं. माघात तुह्या प्रफुल्लनं घराचं वास्तू केलं, तवा त्यानं मले हाताले धरून आखं घर दाखवलं होतं. मन भरून आलं, खरंच. गरीब पोरगा आहे, कष्टानं बांधलं. त्याच्या नक्शात तं सगळं नियमानं. ही देवाची खोली, हे गाडीचं, हे आमचं, हे पोराईचं अभ्यासाचं, हे पाहुण्याईचं. तुले ठाऊकच आहे, मले नाक खुपसल्याबिगर राहवत नाई. मी तुले विचारलं, तुही कोणती? तू म्हणाली, "मले काय, सगळंच घर माहं." आन लगेच मले पुरी वाढाले धावली. मंग मी हात धुवाले गेली तं जिन्याखाली तुही खाट दिसली. उशाले इन्व्हर्टरची बॅटरी गुणगुण करून राहिली होती, आन खाटीखाली तुही ती निळी पेटी. जिन्यावरून पोट्टे धाडधाड उतरले तवा तुह्या गोधडीवर धूळ पडली, आन तू ते अशी झटकली जसं रोजचंच आहे. जेवणं झाली आन बुंदी घेऊन मी बसमधी बसली. शाळेत तू खिडकीच्या जाग्यासाठी माह्या वेण्या ओढत होती, ते मले लोधीखेड्यापर्यंत आठवत राहिलं.

हे असंच, मधात आलं म्हणून लिहिलं. तं गायत्री. टेप गुंडाळता गुंडाळता ते बी त्याच प्रश्नावर आली. म्हणे, आजी, नक्शात खोलीले नाव लिहावं लागते, झोपाची का स्वयंपाकाची का सामानाची. तुमच्या नक्शावाल्यानं सामानाची लिहिली. खरं सांगा, कोण राहणार? मी पोलिस सांगणार होती. संसार सांगणार होती. पण त्या पोरीचं तोंड असं सरळ होतं का मले खोडी काढवली नाई. आन मी तिले जे खरं आहे ते सांगतलं. ते चौकटीच्या उंबरठ्यावरच बसली. मंग तिनं नक्शावाल्याले फोन लावला आन त्याले असं झाडलं, का मलेच कीव आली. म्हणे, म्हाताऱ्या माणसाले आंगण ओलांडून संडासले पाठवता का? खोलीलेच लागून द्या. पायरी नको, उतार द्या. ज्याईच्या गुडघ्याले त्रास आहे त्याईले धराले भिंतीत लोखंडी कडी द्या. आन गुरुजीकडची खिडकी बुजवून रस्त्याकडं काढा, बसल्या बसल्या येणारा-जाणारा दिसला पाहिजे. खोली लहान झाली त्यानं, पण मी म्हणलं चालन. माणूस बी काही मोठं नाई.

नवा नक्शा चढवला आन मागच्या सोमवारी मंजुरी आली. गुरुजीले मीच जाऊन सांगतलं, का खिडकी तिकडं नाई आता, मोर काढून टाका. त्याईनं हरकत मागं घेतली, पण तोंड उतरल्यासारखं वाटलं मले. खोली कोणासाठी ते त्याईले अजून बी सांगतलं नाई. रोज वट्ट्यावरून खाकरते, नवं नाव घेऊन अंदाज मारते, आन मी नाई म्हणून मान हलवते. त्याईचा दिवस बरा जाऊन राहिला, माहा बी.

आता एकच काम राहिलं, चौकट तीन फूट आत सरकवाची. मनोहरले बोलावलं. त्यानं कुदळ आणली, टेके काढले आन मधातच थांबला. म्हणे, काकू, पूजेची चौकट अशी उपटत नाई. ज्याचं घर त्यानं हात लावून तिले म्हणाचं, का बाई, इथून उठ आन तिथं बस, तवाच मी हलवतो. मी म्हणलं, लावते की हात. त्यानं विचारलं, पण खोली तुमची आहे का? आता त्याच्याशी खोटं बोलावं तं चौकट ऐकून राहिली होती. सांगून टाकलं. तं तो कुदळ खाली ठेवून म्हणते, "मंग पहिल्या दिवशी तुमी कशाले हात लावला? अडणारच होतं. जिची खोली तिले आणा, त्याबिगर मी हात लावत नाई." आन गेला बाप्पा निघून, चहा बी नाई घेतला.

म्हणून हे पत्र, गुलाब. तुले समजलंच असन, तू पहिल्यापासून हुशार. उपयंत्रीची परवानगी घेतली, गुरुजीची घेतली, गौरवची घेतली, चौकटीची बी घ्यावी लागते म्हणते मनोहर. फक्त जिच्यासाठी खोली काढून राहिली तिलेच विचारलं नाई. मुहूर्त गाठला आन उभी करून बसली. तू नाई म्हणली तरी मी रुसणार नाई, चौकट राहीन तशीच, बकरीच्या कामी येईन. लोकं म्हणतीन, पोरानं मायले काढलं, याचं तुले भेव वाटन, ते मले माहीत आहे. तं प्रफुल्लले सांग, प्रेमलतेले चक्कर येते, सोबतीले कोणी पाहिजे, आन सणावाराले तुह्याकडंच येत जाईन. खोटं आहे, पण आखं खोटं नाई. चक्कर नाई येत मले. पण सांजच्याले दिवा लावला का बोलाले कोणी राहत नाई, म्हणून मी मोराच्या पडद्याशीच बोलत बसते. मनोहर गुरुवारी परत येऊन राहिला, त्याच्या गाडीत जागा आहे, निळ्या पेटीपुरती बी आहे. येशीन तं आंगण मोकळं आहे म्हणून बगलेनं येऊ नको. चौकटीतूनच ये, आन येतानी तिले हात लाव.

तुहीच खोडील,
प्रेमलता