लामिनसाहेबांचे शेंगदाणे आणि माझी घागर

बालाजी घाट, काशी
१२ डिसेंबर १९९८

चि. विद्युल्लता हिला काकाचे आशीर्वाद.

नरहरचा गुडघा आता जिना चढू देतो का? वहिनींचा खोकला थांबला का? (ज्येष्ठमध चघळायला सांग. गोळ्यांनी खोकला जात नाही, नुसता लपतो.) बाळचे पुढचे दोन दात आले का? तुझी प्रकृती मी विचारत नाही. ती ठणठणीतच असणार. जो कोणाच्या उपयोगी पडत नाही त्याची झीज होते कुठे?

हो, रागावलोय! गरीब देशांच्या मुत्सद्द्यांना व्यापाराच्या वाटाघाटींपुरतं विज्ञान शिकवायचा तीन दिवसांचा वर्ग इथे भरला, प्रयोगशाळेतली जाणकार म्हणून तुला मानाने बोलावलं, आणि तू 'वेळ नाही' म्हणून दोन ओळी खरडल्यास. तुझ्या जागी दिल्लीहून एक विद्वान आला. त्याने दिवे मालवून पडद्यावर चित्रं दाखवली. त्या अंधारात बारांपैकी अकरा मुत्सद्दी अकरा सुरांत घोरत होते. (मी मोजले. रेल्वेच्या पार्सल हपिसात पस्तीस वर्षं काढलीत, मोजायची खोड जात नाही. मला नेमलं होतं पाहुण्यांना घाट दाखवायला, पण ते काम संध्याकाळचं, म्हणून दिवसा मागच्या खुर्चीत बसायचो.)

जागे होते एकटे लामिनसाहेब. आफ्रिकेतल्या चिमुकल्या देशाचे. देश शेंगदाण्यावर जगतो, त्यांचे वडीलही शेंगाच पिकवतात. श्रीमंत देश म्हणतात, तुमच्या दाण्यांत बुरशीचं विष आहे, बंदरावरूनच परत न्या. जानेवारीत जिनिव्हाला त्यावर बैठक आहे. तिथे यांना बोलता आलं नाही तर गावंच्या गावं बसतील. त्यांनी विद्वानाला साधं विचारलं, विष किती आहे ते ठरवतात कसं? विद्वान म्हणाला, ते परिशिष्टात आहे. परिशिष्टात! बुडणाऱ्याच्या हातात नदीचा नकाशा द्यावा तसं!

माझं डोकं फिरलं. लामिनसाहेबांना सरळ घरी आणलं. तुझ्या कालिंदीकाकूने उपासाच्या शेंगदाण्याचं पोतं ओढलं आणि तीन जागच्या तीन मुठी सुपात टाकल्या. एकीत खराब दाणा नाही, दुसरीत एक, तिसरीत पाच. पोतं तेच! लामिनसाहेब उडालेच. मग माझ्या रेल्वेच्या इंग्रजीत मी त्यांना तीन प्रश्न घोकवले. मूठ कुठून घेतली? धोका आहे याला पुरावा काय? आणि सगळा माल परत धाडण्याऐवजी काही सौम्य उपाय, निवडून-पाखडून, चालणार नाही का? दिल्लीला तीन दिवसांत जमलं नाही ते सुपाने पाऊण तासात केलं.

पण शिकवलेली विद्या घरावरच उलटते. साहेबांना तहान लागली. उठले आणि थेट माझ्या सोवळ्याच्या घागरीत पेला बुडवायला गेले. मी ओरडलो. (त्या गंगेच्या पाण्याला बाहेरचा हात लागलेला मला चालत नाही. लहानपणी तूही त्यापायी धपाटा खाल्लायस.) ते थबकले, आणि फार अदबीने बोटांवर मोजत म्हणाले, "अंकल, मूठ कुठून घेतली? पुरावा काय? आणि हात धुतले तर चालेल का?"

तेवढ्यात स्वयंपाकघरातून काकू म्हणाली, "परिशिष्टात आहे म्हणावं!" (विद्वानाची गोष्ट मीच तिला सांगितली होती. जळ्ळी माझी जीभ.) शेवटी त्यांचे हात धुववले आणि त्याच घागरीतून पेला भरून दिला. गटागटा प्यायले बिचारे. तरी राग तुझ्यावरच आहे. तू आली असतीस तर हा गृहस्थ माझ्या घागरीपर्यंत पोचलाच नसता.

तुझा
प्रल्हादकाका

ता.क. माल चालवून घ्यायला श्रीमंतांनी विषाचा आकडा आपल्यापेक्षा इतका बारीक का धरला, हे मला सांगता आलं नाही. सुपाची अक्कल तिथे संपते. म्हणून लामिनसाहेबांना तुझा पत्ता दिलाय, आणि जिनिव्हाला त्यांच्या शेजारी तू बसशील असं कबूलही केलंय. लोकरीचे कपडे काढून ठेव.

दुसरा ता.क. पत्र घेऊन येणाऱ्या शेजारच्या गोपीनाथजवळ एक बाटली आहे. घागरीतलंच पाणी. वरचं, मधलं, तळाचं, तिन्ही घेतलंय. मुठीबद्दल बोलायला जागा ठेवलेली नाही. तपासून बघ. काकू आतापासूनच विचारते, परिशिष्ट आलं का. तेव्हा निकाल काही का लागेना, लगेच लिही, आणि पाकिटावर नाव फक्त माझं घाल.