चौकशीचा वार बदलून मिळणेबाबत

प्रति,
मा. जिल्हा भांडार अधिकारी,
बी-बियाणे भांडार, सातारा
यांचे सेवेशी

विषय : मुख्य लिपिकांच्या वर्तनाची चौकशी पुन्हा, व सोमवार सोडून अन्य वारी, घेणेबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराची तक्रार, दि. ७ जून १९७४ (सदर : किरकोळ)
२) आपले ज्ञापन, दि. १७ ऑगस्ट १९७४

महोदय,

अर्जदार चंद्राबाई कृष्णात नलवडे, आवक-जावक लिपिक, उंब्रज शाखा, हिचे हात जोडून निवेदन की,

१. अर्जदाराचे यजमान पलटणीत असताना वारले. पुढे सन १९६७ मध्ये अर्जदारास ही नोकरी लागली. पहाटे तुळशीला पाणी, पोथीचे एक पान, मग कचेरी, असा तिचा रोजचा नेम आहे. सोमवारी उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत मौन. हे मौन मूळचे सासूबाईंचे. जाताना त्या म्हणाल्या, "एवढं तेवढं चालव गं माझ्या माघारी," आणि ते सुनेच्या पदरात आले. त्याला सहा वर्षे झाली. घरात दुसरे माणूस नाही, त्यामुळे घरी गप्प बसण्यात काही पुण्य नाही. पाळायचे ते कचेरीतच. त्यासाठी अर्जदार टेबलावर दगडी पाटी ठेवते. आपल्या व्रतापायी सरकारी कागद खर्ची घालणे बरे दिसत नाही. आजवरच्या कोणत्याही साहेबांनी हरकत घेतली नाही. आवक-जावकाचे काम हाताने होते, त्याला तोंड लागत नाही.

२. चालू सालच्या जानेवारीत श्री. लालासाहेब इंगवले हे मुख्य लिपिक म्हणून आले. आरंभी सोमवारी येता-जाता थट्टा होई. "आज देवी मुकी हाय वाटतं? निवद काय दावायचा?" सगळे हसत. अर्जदारही मान खाली घालून हसण्यावारी नेई. मार्चपासून त्यांनी अर्जदारास जुनी रजिस्टरे काढण्यासाठी दप्तराच्या खोलीत बोलावण्यास सुरुवात केली. तीच रजिस्टरे इतर वारी धुळा शिपाई काढून देतो. सोमवारीच बाई का लागते, हे अर्जदाराच्या ध्यानात तिसऱ्या सोमवारी आले. त्या दिवशी त्यांनी आतून कडी लावली आणि खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "आज बोलायचं न्हाई न्हवं? मग वरडशील कशी?"

पुढचे लिहिण्यास अर्जदाराची लेखणी चालत नाही. लुगड्याचा काठ फाटला, एवढे नमूद करते. पुढील सोमवारांसाठी अर्जदाराने रजा मागितली. "देवाच्या नावानं रजा मिळत न्हाई," असा त्यावर तोंडी शेरा मिळाला.

३. दि. २७ मे रोजी अर्जदाराने दप्तरखोलीत पाटी लोखंडी कपाटावर आपटली. पाटीचे तीन तुकडे झाले. धुळाने दार वाजवले. लालासाहेबांनी दार उघडून सांगितले, "बाईंच्या हातनं पाटी पडली." दुसऱ्या दिवशी अर्जदाराने धुळास विचारले असता तो म्हणाला, "आवं बाई, मी आवाज तेवढा ऐकला. बघितलं काय न्हाई. मला कशात घालू नगा, पाया पडतो." अर्जदाराने नवी पाटी आणली.

४. त्यानंतर अर्जदाराने आपणाकडे थेट तक्रार पाठविली. ती "योग्य मार्गाने यावी" अशा शेऱ्यासह परत आली. आमच्या शाखेतला योग्य मार्ग लालासाहेबांच्या टेबलावरून जातो. शिवाय आलेला प्रत्येक कागद नोंदवायचा तो अर्जदारानेच. नोंदवहीत बियाणे, पोती, उंदीर, छपराची गळती, रजा, एवढीच सदरे आहेत. बाईमाणसाला कचेरीत त्रास झाला तर तो कशात घालावा, हे कुठे लिहिलेले नाही. पुष्कळ वेळ विचार करून अर्जदाराने 'किरकोळ' असे लिहिले. त्या शब्दाचे वाईट वाटते ते अशासाठी की अक्षर तिचेच आहे.

मग तिनेच तो कागद लालासाहेबांपुढे नेऊन ठेवला. त्यांनी तिला उभे ठेवून तो दोनदा वाचला, खाली "सदर बाई मनाने दुर्बळ आहेत" असा अभिप्राय लिहिला आणि म्हणाले, "घ्या. जावक करा." अर्जदाराने जावक केले. तिकीटही तिनेच चिकटवले.

५. तेव्हापासून अर्जदाराचे टेबल व्हरांड्यात आहे. चहा येतो तेव्हा एक कप कमी असतो. भांडारात पोती शिवणाऱ्या खातूनबी रोज दुपारी अर्जदारापाशी भाकरी सोडत. त्या एके दिवशी आल्या त्या डबा न सोडताच म्हणाल्या, "बाई, रागवू नका वो. तुमच्यासंगं बसले तर उद्या पोती शिवायला दुसरी येईल. मला तसं सांगितलंय." अर्जदार रागावली नाही. त्यांच्या हातावर लोणच्याची फोड ठेवली. त्या गेल्यावर जेवण उरले. आता मंगळवार ते शनिवारही अर्जदाराचे मौनच असते. हे मात्र तिने घेतलेले व्रत नाही.

६. आपण सांगलीहून चौकशी अधिकारी पाठविले, याबद्दल अर्जदार ऋणी आहे. परंतु कोणता वार सोयीचा, असे आपल्या कार्यालयाने विचारले, तेव्हा शाखेतर्फे लालासाहेबांनी सोमवार कळविला. अर्जदाराने वार बदलण्याचा अर्ज केला. तो योग्य मार्गाने गेल्यामुळे कुठेच गेला नाही.

दि. २२ जुलै, सोमवारी चौकशी झाली. अधिकारी वृद्ध व सभ्य होते. त्यांनी विचारावे, अर्जदाराने पाटीवर लिहावे, त्यांनी चष्मा लावून वाचावे व मान हलवावी, असे दीड तास चालले. एक बाजू भरली की अर्जदार ती पदराने पुसून पुढचे लिहीत होती. अशा बावीस बाजू झाल्या. शेजारी बसलेल्या लघुलेखकांना जे बोलले जाईल ते उतरवून घेण्याचा हुकूम होता. लालासाहेब बोलले, ते त्यांनी उतरवले. अर्जदार बोलली नाही, म्हणून त्यांनी लिहिले की, "तक्रारदार बाई अखेरपर्यंत गप्प राहिल्या. त्यांना काही म्हणावयाचे नाही." पाटी मागे राहत नाही, हे अर्जदारास तेव्हा सुचले नाही. आपली जबानी तिने आपल्याच पदराने पुसली.

७. आता वरील ज्ञापनात तक्रार निराधार ठरली असून, खोट्या तक्रारीबद्दल अर्जदारास कामावरून कमी का करू नये, याचा खुलासा मंगळवार दि. २७ पर्यंत मागविला आहे. खुलासा हाच, की तक्रार खरी आहे. तरी चौकशी पुन्हा व्हावी व ती सोमवारी नसावी. नाइलाजाने सोमवारच आला, तर अर्जदाराचे लिहिलेले हे बोललेले धरावे. चौकशीच्या खोलीत एखादी बाई असावी, मग ती खातूनबी असली तरी चालेल. ज्याच्याविषयी तक्रार आहे त्याच्या हातून ती जाऊ नये. नोंदवहीत या गोष्टीसाठी एक सदर पाडावे. आणि दप्तरखोलीची आतली कडी काढून टाकावी. रजिस्टरांना आतून कडी लागत नाही.

८. वरील मजकूर शनिवारी दुपारी पुरा झाला. सही राहिली होती. आज सोमवार असून पुढील हकीकत वाढवावी लागत आहे.

शाखेत एक ऑगस्टपासून कु. विजयमाला ही टंकलेखनासाठी आली आहे. वय एकोणीस. अर्जदाराशी बोलू नये असे तिला सांगितले आहे व ती बोलत नाही. त्यात तिचा दोष नाही. आज अकराच्या सुमारास लालासाहेबांनी तिला हाक मारली, "ए पोरी, सत्तर सालचं रजिस्टर काढायचं हाय, चल दप्तरात." विजयमालाचे काही मौनव्रत नाही. पण नवी नोकरी लागलेल्या पोरीला सगळेच वार सोमवार असतात. ती पदर सावरून उठली.

दप्तरखोलीचे दार व्हरांड्यातल्या टेबलावरून दिसते. अर्जदाराने घाईने पाटीवर 'जाऊ नकोस' असे लिहून पाटी वर धरली. पोरीची पाठ होती. लालासाहेबांनी पाटी पाहिली आणि दाराच्या कडीवर हात ठेवून हसले. ती उंबऱ्यापर्यंत पोचली तेव्हा अर्जदार बोलली. आवाज पहिल्यांदा फुटलाच नाही. दुसऱ्यांदा इतका मोठा आला की तिचा तिलाच ओळखू आला नाही. "विजयमाला, आत जाऊ नगंस. माझ्यापाशी ये."

धुळाच्या हातातला पेला टेबलावर आपटला. लालासाहेब म्हणाले, "आवं बाई, मोडला की सोमवार!"

"मोडला," अर्जदार म्हणाली. "तुमी कडीवरला हात काढा."

त्यांनी काढला. विजयमाला येऊन अर्जदाराच्या टेबलाची कड धरून थोडा वेळ उभी राहिली, मग यंत्रापाशी जाऊन बसली. नंतर दिवसभर कोणी काही विचारले नाही. घरी येऊन अर्जदाराने दिवा लावला. सांगायला कोणी नव्हते, म्हणून हे येथे लिहिले.

९. सबब परिच्छेद ७ मधील वार बदलण्याची विनंती रद्द समजावी. अर्जात खाडाखोड चालत नाही म्हणून ती खोडलेली नाही. इतर विनंत्या कायम आहेत. हा अर्ज योग्य मार्गाने येणार नाही. उद्या पहिल्या एस. टी.ने अर्जदार स्वतः तो घेऊन साताऱ्यास येईल आणि आपण आत बोलवाल तोवर बाहेर बाकावर बसेल. चौकशी कोणत्याही वारी ठेवावी, सोमवारीही चालेल. लघुलेखकांना मात्र दोन पेन्सिली तासून आणण्यास सांगावे. अर्जदारास पुष्कळ म्हणावयाचे आहे.

आपल्या दाराशी येणारी, नम्र,

(सही) चंद्राबाई कृष्णात नलवडे
आवक-जावक लिपिक

उंब्रज, ता. कराड
सोमवार, दि. २६ ऑगस्ट १९७४