लोमा सेकाची वीज कुणी घ्यायची

लोमा सेका,
शनिवार, दुपार

प्रिय पापा,

एकाच गोठ्यात राबणाऱ्या मुलीनं बापाला तिकीट लावून पत्र पाठवलं, हे कळलं की टपालवाला आठवडाभर गावाला हसवणार. हसवू दे. मंगळवारच्या सभेपासून आपण दोघं फक्त गायींशी बोलतोय. तुम्ही त्यांना सांगता, "आज हिचं तोंड वाकडंच आहे बरं का." मी त्यांना सांगते, "का ते ह्यांनाच विचारा." खरं काही बोलायला गेले की तुम्ही रेडिओ मोठा करता. कागदापुढे रेडिओ चालत नाही, म्हणून हा कागद. रागातच लिहितेय. राग निवल्यावर लिहावं असं चर्चमधले फादर म्हणाले होते. चार दिवस वाट पाहिली, निवला नाही.

कुका आजी बोलत असताना नगराध्यक्षाच्या खुर्चीतून तुम्ही माइक बंद केलात, तिथूनच सुरुवात करते. माझ्या डोळ्यांपुढून ते हलत नाही. आयुष्यभर टोमॅटोच्या कारखान्यात उभी राहिलेली बाई, नाकात नळी, हातानं ऑक्सिजनची टाकी ओढत सभागृहात आली. पंचेचाळीस वर्षं ह्या गावात राहून नगरपालिकेत पहिल्यांदा बोलायला उभी राहिली. म्हणाली, "गेल्या सप्टेंबरात कंपनीनं वीज तोडली, तेव्हा मी दोन दिवस..." आणि थांबली. दम लागला तिला. तुम्ही घड्याळाकडे पाहत होतात, पापा, तिच्याकडे नाही. ती पुन्हा बोलायला लागली, पुन्हा थांबली, आणि तुम्ही म्हणालात, "दोन मिनिटं झाली. पुढचे कोण?" तिचे ओठ हलत होते, आवाज येत नव्हता. मागून कुणीतरी ओरडलं, "अहो, दम तरी घेऊ द्या म्हातारीला!" त्यावर तुम्ही हातोडा आपटलात. त्यानंतर वीज कंपनीचे ग्रेडी व्हिटलो साहेब उठले आणि पडद्यावर चित्रं दाखवत चांगले अर्धा तास बोलले. तेव्हा घड्याळ कुठे गेलं होतं? ते पाहुणे, म्हणे. आणि कुका आजी कोण?

तिला काय सांगायचं होतं ते मी सांगते. ते दोन दिवस तिनं गाडीत काढले. गाडीतला थंड वारा सुरू, इंजिन सुरू, ऑक्सिजनचं यंत्र गाडीतल्या विजेच्या खोबणीत जोडलेलं, आणि शेजारचे सिंग आळीपाळीनं पेट्रोल आणून ओततायत. बाहेर उन्हाची एवढी आग की दाराच्या कडीला हात लावता येत नव्हता. रानात वारा सुटला की तारांच्या ठिणगीनं वणवा लागेल, ह्या भीतीनं कंपनी आपणहून वीज तोडते. झाडं वेळेवर छाटायची नाहीत आणि गावाला अंधारात बसवायचं. आणि त्याच दोन दिवसांत आपल्या गोठ्यात काय होतं? जनरेटर धडधडत होता. गायींच्या डोक्यावर पंखे फिरत होते, अंगावर पाण्याचे फवारे उडत होते. गायींचा मला राग नाही, बिचाऱ्या उन्हाच्या तडाख्यातून वाचल्या. पण मंगळवारी कुणीतरी हाच विषय काढला तेव्हा तुम्ही खुर्चीवरून म्हणालात, "ज्याला गरज आहे त्यानं जनरेटर घ्यावा." आपल्या गावाच्या नगराध्यक्षानं! मी मान खाली घातली. शेजारी बसलेल्या सिंगांच्या हरप्रीतनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, त्यानं तर आणखीच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ज्या वीज संघातून गाव बाहेर काढायचं मंगळवारी ठरवलंत, त्याबद्दल तुम्ही म्हणाल, "वीज तोडते कंपनी, त्यात तुझा वीज संघ काय करणार? तारा कुठे त्याच्या आहेत?" नाहीतच. खांब कंपनीचे, तारा कंपनीच्या, मीटर कंपनीचा, बिलसुद्धा तीच पाठवणार. संघ फक्त वीज विकत घेतो, पाच गावांतल्या घरांसाठी. हे मला तुम्ही सांगायची गरज नाही, कारण हे आपल्याच स्वयंपाकघरात, सूपच्या पातेल्यासमोर आईनं तुम्हाला शिकवलं तेव्हा मी तिथे कांदा चिरत होते. आठवतं? तुम्ही खुर्ची मागे रेलून म्हणाला होतात, "वीज म्हणजे काय दूध आहे का, ओदेत, ह्याच्याकडून नको त्याच्याकडून घेऊ म्हणायला?" आई डावानं ढवळत म्हणाली, "दूधच आहे. तुझ्या बापाच्या वेळी दूध घेणारा क्रीमरीवाला देईल तो भाव घ्यावा लागायचा. मग गवळ्यांनी संघ केला. रस्ता तोच, टँकर तोच, बाटल्या त्याच. सौदा तेवढा आपल्या हातात आला. आता इथे आपण दूध पिणारे आहोत, एवढाच फरक. तारा त्यांच्या राहू देत, त्याचं भाडं त्यांना मिळेल. पण त्या तारेतून कुणाची वीज आणायची, ते गावांनी मिळून ठरवायचं. आणि ज्याला नको असेल त्यानं नको म्हणून कळवावं, कंपनीकडेच राहावं. जबरदस्ती कुणावर नाही." तुम्ही खुर्ची सरळ केलीत. मग म्हणालात, "हे मला सभेत असंच सांगता आलं पाहिजे." आणि खरंच सांगितलंत. तेव्हा तुम्ही नगराध्यक्ष नव्हतात, नुसते सभासद होतात, पण तो ठराव तुम्ही मांडलात.

तो मंजूर व्हावा म्हणून आईनं किती दारं वाजवली ह्याला गणती नाही. केमोच्या सुट्या होत्या तिच्या, दोन इंजेक्शनांच्या मधले बरे दिवस. डोक्याला रुमाल बांधून निघायची. मी गाडी चालवायचे. एका दारात कंपनीचं रंगीत पत्रक हातात धरून एक बाई म्हणाली, "ह्यात लिहिलंय, नगरपालिकेच्या हातात वीज गेली की दिवे जातील." आई हसली. म्हणाली, "बाई, आत्ता कुणाच्या हातात आहे? आणि काल तुमचे दिवे होते का?" बाईनं आम्हाला आत बोलावून लिंबूपाणी दिलं. तुम्ही त्या वर्षी किती अभिमानानं सगळ्यांना सांगत होतात, "माझ्या बायकोनं कंपनीला घाम फोडला." मग आज त्याच कंपनीच्या माणसाशी डोनटच्या दुकानात खांद्यावर हात टाकून काय हसता?

तुमची बाजू मला कळत नाही असं नाही. गेल्या हिवाळ्यात संघानं महाग वीज घेतली, बिलं चढली. दुकानात लोक तुमच्या अंगावर धावून आले, त्या सिल्वेराच्या धाकट्या भावानं तर कॉफीचा कप आपटला. संघात बसलेले सगळे काही देव नाहीत. तो पगारी व्यवस्थापक बोलतो तेव्हा मलाही झोप येते. चुकले ते. पण चुकले तेव्हा काय झालं? वाचनालयाच्या खोलीत त्यांची उघडी बैठक झाली, पाचही गावांतले लोक जाऊन त्यांना तोंडावर वाट्टेल ते बोलले आणि त्यांना बसून ऐकावं लागलं. पुढच्या खरेदीची रीत बदलली, वसंतात बिलं उतरली. कंपनी दरवर्षी दर वाढवते तेव्हा तुम्ही कुठल्या खोलीत जाऊन कुणाच्या तोंडावर बोलता, पापा? फोन लावला की एक बाई यंत्रातून सांगते, तुमचा फोन आमच्यासाठी मोलाचा आहे. तिच्यापुढे कप आपटून दाखवा.

आणि संघाकडे उरलेला पैसा इथेच राहतो, हे तुम्हीच लोकांना पटवून देत होतात. शाळेच्या व्यायामशाळेवर सौर पत्रे आणि खाली मोठी बॅटरी बसणार होती ती त्यातूनच. वीज गेली की तिथे गारवा राहणार होता, कुका आजीचं यंत्र भिंतीला लागणार होतं, इन्सुलिनवाल्यांचा फ्रिज चालणार होता. जागेची मापंसुद्धा घेऊन झाली. संघातून बाहेर पडायचा ठराव तुमच्या एका मतानं पास झाला आणि ती बॅटरी आता शेजारच्या गावाला जाणार. नगराध्यक्ष अडेलिनो फुर्तादोच्या एका मतानं. मत द्यायला हात वर केलात तेव्हा तुमची बाही वर सरकली होती आणि आईनं दिलेलं घड्याळ मला दिसलं. मी मनात म्हणत होते, आता हात खाली घ्या, आता घ्या.

मला वाटलं होतं, ह्याहून वाईट काही त्या संध्याकाळी होणार नाही. मग व्हिटलो साहेबांनी पुन्हा उठून एक शेवटचं चित्र पडद्यावर आणलं. हिरवळ, झोके, पाण्याचं कारंजं आणि वर कमान: ओदेत फुर्तादो उद्यान. कंपनीकडून गावाला भेट. ठरावाशी काही संबंध नाही, हे त्यांनी इतक्या वेळा सांगितलं की न विचारणाऱ्यालाही शंका यावी. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तुम्ही चष्मा काढून डोळे पुसलेत. पापा, त्या क्षणी मला तुमच्याकडे धावत यावंसं वाटलं आणि त्याच क्षणी खुर्ची उचलून त्या पडद्यावर फेकावीशी वाटली. तुम्ही तिच्यासाठी किती झुरता ते मला माहीत आहे. जेवणाच्या टेबलावर तुम्ही अजून तिची बाजू रिकामी ठेवता. तिचं नाव कुठेतरी दगडावर कोरलेलं असावं, मुलांनी तिथे खेळावं, असं तुम्हाला वाटलं, ह्यात काय चुकलं? काहीच नाही. पण त्या माणसाला हे बरोबर कळलं. तुम्हाला पैशानं कुणी विकत घेऊ शकलं नसतं, हे ओळखून त्यानं तुमच्या दुःखाचा भाव विचारला. आणि ज्या कंपनीशी ती रुमाल बांधून लढली, त्याच कंपनीच्या कमानीवर तिचं नाव चढवायला तुम्ही हो म्हणालात! ती असती तर तुम्हाला काय म्हणाली असती, तुम्हीच सांगा. मला तर तिचा आवाजही ऐकू येतोय, पण तो मी इथे लिहिणार नाही, कारण तुम्ही रडाल आणि मला तुम्हाला आज रडवायचं नाहीये. रागवायचं आहे.

सभा संपल्यावर मी कुका आजीला घरी सोडलं. वाटेत ती म्हणाली, "तुझे वडील चांगले आहेत, मिहा, पोरी. माझ्या नवऱ्याच्या मयताला आलेल्यांच्या जेवणासाठी त्यांनी अख्खं वासरू दिलं होतं."  मग ती खिडकीबाहेर पाहत म्हणाली, "चांगल्या माणसांना कधी कधी कुणीतरी थांबवावं लागतं." दारात उतरताना तिनं माझा हात घट्ट धरला आणि एक गोष्ट विचारली. मी तिला म्हटलं, "आजी, ते माझे वडील आहेत." ती म्हणाली, "म्हणून तर तुला विचारतेय."

तिनं काय विचारलं ते सांगायलाच हे पत्र लिहिलं. बाहेर पडायचा ठराव पुढच्या वर्षी लागू होणार. नोव्हेंबरात निवडून येणारी नगरपालिका तो मागे घेऊ शकते. सोमवारी सकाळी दूध काढून झालं की मी नगरपालिकेच्या कचेरीत जाऊन नगराध्यक्षपदासाठी माझं नाव देणार आहे. तुमच्या विरुद्ध. शिफारशीची पहिली सही कुका ओरोस्कोची आहे. डोनटच्या दुकानात दुसऱ्या कुणाच्या तोंडून हे तुम्ही ऐकावं, ते मला सहन झालं नसतं. मी तुमच्याबद्दल गावात वाईट शब्द बोलणार नाही, तुमच्या त्या एका मताबद्दल मात्र बोलेन, आणि जोरात बोलेन. मी हरले तर तुम्ही मला चिडवा, तो तुमचा हक्क. प्रचाराला निघेन तेव्हा गावातलं पहिलं दार मी आपलंच वाजवणार आहे. किल्ली माझ्याकडे आहे, पण ती वापरणार नाही; मत मागायला आलेल्या परक्यासारखी पायरीवर उभी राहीन. मत कुणाला द्यायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. पण पापा, दार उघडा.

रागावलेली, आणि तरीही तुमचीच,
मेना