स्क्रीनवर पाच डिग्री

३ मार्च, सोमवार
ऑफिसात नवा नियम. प्रभाकर सर म्हणाले, यापुढे नलिनीने वाचून हो म्हटल्याशिवाय कोणाचाच कोड मशीनमध्ये जाणार नाही. नलिनी म्हणजे पुण्याहून सौंसरला परत आलेली नवी मॅडम. इकडच्या संत्र्याच्या कोल्ड स्टोरेजांचे कंट्रोलर, म्हणजे थंडी सांभाळणारी मशीनं, माझ्या सी प्रोग्रामवर चालतात. आणि तपासणार ही. ठरवलं: आपण काही बोलायचं नाही. कोड बोलेल.

४ मार्च
मॅडमच बोलून राहिल्या, ओळीओळीवर. म्हणे मॅलॉकने मेमरी मागून घेता, पण सेन्सरचं रीडिंग चुकलं की फंक्शन मधूनच परत फिरतं आणि फ्री करायचं, म्हणजे ती परत द्यायचं, राहून जातं. थोडी थोडी मेमरी अडकते, मग एक दिवस अख्खं मशीन अडकतं. मी लिहिलं, रीडिंग चुकत नाही.

६ मार्च
रीडिंग चुकतं. तार ढिली असते. तो वायरमनचा विषय.

१० मार्च
तिगावच्या कोल्ड स्टोरेजचं मशीन पुन्हा हँग. सरांना सांगितलं, व्होल्टेज. बंद करून चालू केलं की नीट चालतं, म्हणजे कोड चांगला. नलिनी मध्येच म्हणाली, अभिजीतभाऊ, बंद केल्यावर सगळी मेमरी मोकळी होते, म्हणून चालतं. हिच्याकडे प्रत्येक गोष्टीचं उत्तर असतं. अशा माणसाशेजारी डबा खाववत नाही. टेबल बदललं.

१४ मार्च, धुळवड
सासरी. व्यापारी भाव पाडून राहिले म्हणून बापूजींनी (सासरे) मृग बहाराच्या संत्र्याचा अर्धा माल तिगावच्या कोल्ड स्टोरेजात ठेवला आहे. चारचौघांत म्हणाले, काही काळजी नाही, आपल्या जावयाचं मशीन आहे. सुधा माझ्याकडे पाहून हसली. बायको अशी हसल्याला बरेच दिवस झाले होते.

१७ मार्च
तोड सापडली. तिला फ्री पाहिजे ना, घे फ्री. जिथे मॅलॉक दिसलं तिथे खाली फ्री, फंक्शनच्या शेवटी पुन्हा एक फ्री, सावधगिरी म्हणून. तिचा सगळा रिव्ह्यू एका दुपारी निकाली. तिच्या होकारासाठी थांबलो नाही. नियम नवीन लोकांसाठी असतो. स्वतः तिगावला जाऊन मशीनमध्ये टाकून आलो.

१९ मार्च
हँग नाही. स्क्रीनवर पाच डिग्री, एकदम स्थिर. ऑफिसात पेढे वाटले. नलिनीने पेढा घेतला, खाल्ला नाही. म्हणाली, आधी कोड वाचते.

२० मार्च
वाचला. म्हणे एकच मेमरी दोनदा फ्री केली आहे. आणि काही ठिकाणी फ्री केल्यावरही तिच्यातूनच तापमान वाचता; तिथे जुना आकडा पडून असेल, तर मशीन त्यालाच खरं मानेल. आजच काढा, तिगावला फोन करा. आधी म्हणे परत देत नाही, आता म्हणे दोनदा दिली. बाईचं समाधानच नाही. फोन केला नाही. सरांनाही सांगू दिलं नाही. म्हटलं मी पाहतो.

२३ मार्च, रविवार
बापूजींचा फोन. कोल्ड स्टोरेजात वास येऊन राह्यला म्हणे. विचारलं, स्क्रीनवर काय आहे. म्हणाले, पाच. मग पाचच आहे, मी समजावलं. मग म्हणाले, "जावाईबापू, स्क्रीन थंडी हाय, संत्रा गरम लागून राह्यला."
शेतकऱ्याच्या हाताला तापमान काय कळणार.

२४ मार्च
कळतं. आत पाय ठेवला आणि नाक दाबलं. कॉम्प्रेसर केव्हाचा बंद. मशीनला आत पाचच डिग्री वाटत होतं, मग ते कशाला चालू करेल. खालचे कॅरेट गळून राहिले होते. बापूजी बोटाने एकेक संत्रा दाबून बाजूला करत होते, माझ्याकडे पाहिलं नाही. सरांनी नलिनीला बोलावलं. ती उलट्या कॅरेटवर लॅपटॉप घेऊन बसली, मला बाजूला बसवलं, प्रत्येक मॅलॉकसमोर विचारलं, ही जागा कोणाची, परत कोण देणार. मला निम्म्यांचं सांगता आलं नाही. टोमणा मारला असता तर भांडता तरी आलं असतं. तेवढीही सोय तिने ठेवली नाही.

२५ मार्च
सुधा बोलत नाही. बापूजींना फोन लावला तर म्हणाले, मशीनचं मी नलिनीबाईलेच विचारतो, तुम्ही तरास घेऊ नका.

२८ मार्च
नलिनीने दुरुस्त केलेला कोड रिव्ह्यूसाठी मलाच पाठवला. म्हणे नियम सगळ्यांना सारखा. आता सापडली. सकाळपासून एकेक ओळ वाचली, जेवायलाही उठलो नाही. प्रत्येक मॅलॉकला फ्री, एकदाच, योग्य जागी. दुपार सरता सरता एका कमेंटमध्ये स्पेलिंगची चूक सापडली. 'टेंपरेचर'मधलं एक अक्षर गायब. कडक शब्दांत लिहिलं की ही बेफिकिरी चालणार नाही, आणि सरांनाही कॉपी केलं.
लगेच उत्तर आलं. दुरुस्त केलं, धन्यवाद. ती ओळ तुमचीच आहे, जुनी. मी हात लावला नव्हता.
सरांनाही कॉपी होती.
ॲप्रूव्ह दाबलं.