करकरणाऱ्या खुर्चीची नक्कल

२ मार्च
संकल्प: बाबांच्या जुन्या, क्वीन ॲन या इंग्रजी घाटाच्या खुर्चीची हुबेहूब रिप्रॉडक्शन. बाकदार पाय, सगळं. आईच्या वाढदिवसाला जोडी तयार. बाबा गेल्यापासून ती खुर्ची रोज संध्याकाळी रिकामीच करकरते आणि आई लगेच शेजारी चहा ठेवते. लाकूड हवेनं आकसतं, असं समजावलं. आई म्हणाली, असेल, पण यांच्या चहात साखर कमी घाल.

५ मार्च
पायांचा बाक मोजून जमेना. खुर्ची सुटी करणं आलंच. आईला विचारलं नाही, उगाच काळजी करते. बायको म्हणाली, हात लावू नका. तिला जॉइंटमधलं काय कळतं! बाबांच्या खुर्चीच्या प्रत्येक भागावर खडूनं खूण केली. सिस्टिम पक्की.

५ मार्च, संध्याकाळ
वर्कशॉपमध्ये करकर. खुर्ची तर सुटी, पाय फळीवर. उंदीर असणार. बाहेर येऊन दार लावलं. घाबरून नव्हे.

१४ मार्च
जुन्या कपाटाच्या सागवानातून नवे भाग तयार. डिट्टो! आईनं पुन्हा विचारलं, खुर्ची कुठाय. पॉलिशला दिलीय म्हटलं. खोटं नाही, पॉलिश मीच करणार आहे. तरी चहा वर्कशॉपच्या दाराशी ठेवून गेली.

१५ मार्च
जुने-नवे सगळे भाग एकजात घासले, एकाच रंगाचा स्टेन मारला. काय फिनिश!

१५ मार्च, दुपार
खडूही घासला गेला. हरकत नाही. डोळे मिटून हात फिरवला. सगळेच बाबांचे वाटतात. म्हणजे कॉपी उत्तम.

२० मार्च
दोन्ही खुर्च्या जोडल्या. डुगडुगतात. एकीचा पाय जरा कापला, मग दुसरीचा, मग पुन्हा पहिलीचा. आता ठाम उभ्या आहेत. किंचित ठेंगण्या. मूळ स्टाइल तशीच असावी. कसर नको म्हणून सगळ्या सांध्यांत ग्लू ओतला.

२२ मार्च, आईचा वाढदिवस
आईनं दोन्ही खुर्च्यांवरून हात फिरवला. ओरडली असती तर बरं झालं असतं. संध्याकाळी कप घेऊन दोन्हींच्या मधे उभी राहिली. आम्ही सगळे कान देऊन. काहीच नाही. शेवटी तिनं मला विचारलं, आता यांनी बसायचं कशात?

चहा गार झाला. ती आत गेल्यावर मी एकीत बसून गदगदा हललो, मग दुसरीत. बाबा, एकदा तरी वाजवा, असं चक्क मोठ्यानं म्हणालो. फार आठवण आली.

दोन्ही गप्प. आयुष्यात पहिल्यांदाच माझे जॉइंट पक्के बसलेत.