बारा ओळी

३ ऑक्टोबर

लिहिता येतं! दवाखान्यातून घरी आल्या आल्या ताईने वही पुढ्यात टाकली. "नाव लिही." लिहिलं. पत्ताही लिहिला. "आता वाच." — एक अक्षर ओळखू येईना. माझंच अक्षर! दोरीवर कुणीतरी कपडे वाळत घातलेत, एवढंच दिसलं.

डॉक्टर म्हणतात, मेंदूतली रक्ताची गाठ लहान, पण बसली नेमक्या जागी. लिहिणं शाबूत, वाचणं गेलं. उजवीकडचंही कमी दिसतं. "सरावाने थोडंफार परत येईल. किती, ते सांगता येत नाही."

सव्वीस वर्षं ग्रंथपाल आहे मी. हसावं की रडावं! रडलेच शेवटी.

हे पान मला वाचता येणार नाही. तरी लिहिणार.

९ ऑक्टोबर

प्रार्थना नाही, भांडण. प्रभूला म्हटलं, पाय घ्यायचा होतास, मी तक्रार केली नसती. ताईने ऐकलं. "हो, आणि तुला उचलून कोण फिरलं असतं? मीच ना!"

२१ ऑक्टोबर

कामावर रुजू. मुख्य ग्रंथपालांना आम्ही पाठीमागे 'अनुक्रमणिका' म्हणतो — बोलताना मुद्दे मोजतात. "पहिलं, तब्येत बरी ना? दुसरं, वाचता येत नसताना तुम्हाला देवघेवीच्या टेबलाशी कसं बसवू? तिसरं, मार्चअखेरपर्यंत वाट बघतो. नाहीतर तळघर." तळघर म्हणजे फाटकी पुस्तकं, गठ्ठे आणि एक दिवा. वाचक कुणी तिकडे फिरकत नाही.

राग आला नाही. त्यांच्या जागी मी असते तर मार्चही दिला नसता.

दुपारी एक शिक्षिका आली, अळंब्यांवरचं पुस्तक हवं म्हणाली. सरळ गेले — खिडकीजवळचं कपाट, खालचा कप्पा, हिरवी पाठ, कोपरा कुरतडलेला. आणून दिलं! परत येताना उजवा खांदा चौकटीवर आपटला, तो भाग वेगळा.

१४ नोव्हेंबर

झाडं बोडकी झाली. संध्याकाळी ताई कादंबरी वाचून दाखवते. जन्मभर नर्स होती, त्यामुळे प्रेमपत्रसुद्धा ताप वाचावा तसं वाचते. मध्येच दोन पानं उलटल्याचा आवाज आला. "काय गाळलंस गं?" "झाडंबिडं होती. कुणी आजारी पडलं की सांगते."

५ डिसेंबर

वाचायचा सराव घेणाऱ्या उपचारांच्या बाई म्हणाल्या, "डोळे मिटा." पेनाच्या टोपणाने माझ्या तळहातावर काहीतरी गिरवलं. आधी गुदगुल्या झाल्या. मग — "क!" ओरडलेच. हाताला वाचता येतं! डोळ्यांना ओळख नाही, कातडीला आहे. आता छापलेलं अक्षर बघायचं, बोटाने हातावर गिरवायचं, आणि मग कळतं.

१९ डिसेंबर

कडाक्याची थंडी. दुधाच्या पिशवीवर 'दूध' वाचलं. चार मिनिटं लागली. दूध उतू गेलं!

८ जानेवारी

जोडाक्षरं आली. दोन माणसं एका छत्रीत — कुणाचा हात, कुणाची बाही, पत्ता लागत नाही. 'ख्रिस्त' वर तर पुरती अडकले. एवढंसं नाव आणि त्यात दोन जोडाक्षरं! वर पहिली वेलांटी. बाईंना म्हटलं, "यांना सोपं नाव घ्यायला काय झालं होतं?" दोघीही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो.

घरी येताना लक्षात आलं — भांडण मिटलंय. कधी मिटलं, कुणी आधी हात पुढे केला, काही आठवत नाही.

२ फेब्रुवारी

एक अख्खा परिच्छेद. अर्धा तास. डोकं ठणकतंय. मी राणी आहे!

२६ फेब्रुवारी

फाटकाजवळच्या झाडाला लालसर कोंब. चर्चच्या पाळकांनी विचारलं, "मार्चच्या शेवटच्या रविवारी बायबलमधला शास्त्रपाठ वाचाल? बाराच ओळी आहेत." म्हटलं, अडखळेन. "अडखळा की. बाकं कुठे पळून जाणार आहेत!"

ताई म्हणाली, पाठ करून टाक. मोह झाला. पाठ केलं असतं तर सहज निभावलं असतं. नाही म्हटलं. म्हणेन तर वाचूनच.

२५ मार्च, रविवार

वाचलं!

उभी राहिले. डावं बोट ओळीखाली, उजव्या हाताचा अंगठा बोटांवर गिरवतोय. पहिल्या दोन ओळी गेल्या. तिसरीत थांबले. कुणीतरी खोकलं. अंगठा चालत होता, शब्द येत नव्हता. पुढच्या बाकावर ताईचे ओठ हलले — सांगत होती! मी मान हलवली, नको. पुन्हा गिरवलं. खाली, वळण, काना... आला! मोठ्याने म्हटला, गरजेपेक्षा जरा जास्तच मोठ्याने. एक बाळ दचकलं.

आठव्या ओळीपासून भीती कुठे गेली कोण जाणे. हे शब्द लहानपणापासून कानावरून गेले होते. आज प्रत्येकाला हाताने शिवून पुढे गेले. इतकं हळू मी शास्त्र कधी वाचलंच नव्हतं. वाचनालयात उभी-उभी पुस्तकं फस्त करणारी मी!

एरवी दोन मिनिटांचं काम. मला अकरा लागली. बसले तेव्हा ताईने माझी नाडी धरली. "पळतेय नुसती," म्हणाली, आणि मनगट सोडलंच नाही.

२८ मार्च

अनुक्रमणिकांनी बोलावलं. "पहिलं, रविवारी मी मागे उभा होतो. दुसरं, सोमवारपासून देवघेवीच्या टेबलाशी बसा. तिसरं..." तिसरं त्यांना सापडलंच नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा!

११ एप्रिल

ऊन तापायला लागलंय. वाचनालय उघडायच्या आधी पायरीवर मावशी बसलेल्या — चर्च झाडतात, बाकांवर गीतपुस्तकं मांडतात, त्या. "वीस वर्षं मांडतेय बाई. आत काय लिहिलंय, ठाऊक नाही. मला जमेल का?" असं म्हणून घट्टे पडलेला तळहात पुढे केला.

"कुठून सुरू करू या?"

"माझ्या नावापासून."

बोट टेकवलं आणि थांबले. वीस वर्षं दर रविवारी भेटतो. त्यांचं नाव मी आज पहिल्यांदा विचारलं.