इंजिनाचा खण

१२ जून २००६

बोट वर ओढली, माडाच्या झापांनी शाकारली. माझा दीर बाबली म्हणाला, "नारळी पौर्णिमेक परत काढतंय." त्याच इंजिनावर.

मी म्हटलं, अर्धी बोट माझी आहे. आतली मांडणी बदलल्याशिवाय त्या खणात कोणी उतरायचं नाही.

हो म्हणाला. वाद घातला नाही. हल्ली घालतच नाही.

१४ जून

आज पहिल्यांदा खाली उतरले. इंजिनाच्या खोलीला आम्ही खण म्हणतो. खणच तो, कपाटाएवढा. उतरायचं झाकण पुढे आणि पाण्याची गाळणी पार मागच्या कोपऱ्यात, इंजिनापलीकडे. समुद्राचं पाणी नळीतून गाळणीत, तिथून पंपात, मग इंजिनाभोवती फिरून बाहेर. गाळणी तुंबली की इंजिन तापतं.

चार नोव्हेंबरला प्लास्टिकची पिशवी अडकली. हे खाली उतरले. चार बोल्ट, तेही पालथं पडून पान्याने सोडायचे. तापल्या इंजिनाच्या धुरात कोंडून हे तिथेच गेले; तीन बोल्ट सोडलेले सापडले.

आदल्या संध्याकाळी गाळणी बघायचं काम बाबलीचं होतं. त्या दिवशी दारात उभा राहून तो एवढंच बोलला — "खणान घात केल्यान, वयनी." खणाने! आपलं नाव नाही घेतलं. तेव्हापासून मी त्याच्या घरचं पाणी प्यायले नाही.

१७ जून

कट्टा गावी गणपत मेकॅनिककडे गेले. त्याने आपलं आयटीआयचं जुनं पुस्तक दिलं, चेष्टेनेच. "वयनी, वाचून खंय इंजिन उघडता? इंजिन म्हंजे चूल न्हय."

"चुलीक पण वारो लागता रे," मी म्हटलं.

हसला. पण पुस्तक नीट कागदात गुंडाळून दिलं. माझी शाळा चौथीपर्यंत. पुढचं वाचन सगळं वाण्याच्या पुड्यांच्या कागदांवर झालं. हे म्हणायचे, "डाळ संपली तरी चालात, पुडी टाकू नको, ती वाचूची आसा."

२५ जून

पुस्तकातलं पाण्याचं प्रकरण तीनदा वाचलं. नळीला जितकी वळणं, तितकं पाणी अडतं. आमच्या नळीला पाच वळणं आहेत. गाळणी पुढे आणली, झाकणाखालीच, तर दोन पुरतात.

४ जुलै

पाऊस. काही नाही.

८ जुलै

चपलांच्या खोक्याचा खण केला. पुढे वर झाकणाएवढं भोक. मागच्या भिंतीत वरच्या बाजूला बोटीत हवेचं भोक आहे, तेही पाडलं. आतलं दिसावं म्हणून वर काच हवी होती. ह्यांच्या फोटोची काढली.

आत अगरबत्ती ठेवली. धूर मागच्या भोकातून सुरळीत बाहेर गेला.

मग त्या दिवशी कोंडलं कसं? मागच्या कोपऱ्यात, त्या भोकाखालीच तर हे पडलेले होते.

तेवढ्यात बाबली शेतीचं खत घेऊन आला. त्याला दाखवलं. बघत राहिला, मग उठून गेला. छत्री इथेच विसरला.

११ जुलै

खोकं म्हणजे बोट नव्हे. असं मनाशी ठरवलं. तळाजवळ आणखी एक भोक पाडायचं — गार हवा खालून आत, तापलेली वरून बाहेर.

बोटीतलं मागचं भोक घासून घेतलं. त्याच्या कठड्याच्या फटीत तांदळाचे चार-पाच दाणे. उंदीर, दुसरं काय.

१९ जुलै

आज ह्यांचा आवाज आठवेना. खोकला आठवला.

२४ जुलै

गणपत आला. गाळणी पुढे बसवली. बोल्ट नाहीत, हाताने फिरवायचे दोन नट. लांब नळीचे दोन तुकडे केले, म्हणजे खराब होईल तेवढाच बदलायचा. त्याला म्हटलं, डोळे मिटून, ओल्या हाताने, एकाच हाताने उघडता आली पाहिजे.

"सर्कस करूची आसा काय?"

मग मीच डोळ्यांवर पदर बांधला, हात पाण्यात बुडवले. चाळीस मोजेपर्यंत उघडली. बाबली नट पुसत बसला, माझ्याकडे न बघता.

ह्यांना चाळीस पुरले असते.

३० जुलै

यंदा बोटीची ओटी जाऊ भरेल, बाबलीची बायको आनंदी. मला आता ती भरता येत नाही. गेल्या वर्षी मीच भरली होती. हिरवा खण, त्यात नारळ आणि तांदूळ. ह्यांना बजावलं होतं, माझी ओटी पायदळी येता कामा नये, उंच ठेवा. "ठेवतंय गो, कोणाचो पाय पोचाचो नाय थंय ठेवतंय."

५ ऑगस्ट

इंजिन दोन तास चालवून बघितलं. बाहेर पडणारं पाणी हाताला कोमट लागलं. खणात वारा होता. मी आत बसून राहिले, बोलावलं तरी वर आले नाही.

९ ऑगस्ट, नारळी पौर्णिमा

आनंदीने ओटी भरली आणि खाली खणात न्यायला निघाली. बाबलीने तिच्या हातातून काढून घेतली. "खाली नको. भायर नाळीर बांदतंय, फुडल्या टोकाक."

"दरवर्सा खालीच ठेवतत मा?" ती म्हणाली.

त्याने माझ्याकडे बघितलं. मग मला ते तांदूळ आठवले.

कोणाचा पाय पोचणार नाही असं उंच ठिकाण खाली एकच — ते हवेचं भोक. ह्यांनी माझी ओटी तिथे बसवली होती, भोक बुजवून. माझा खण.

"सांगलंस कित्याक नाय रे?"

"सांगललंय, वयनी, खणान घात केल्यान म्हणान. तू इंजिनाचो खण समाजलंस. मगे माझ्यान परत सांगवला नाय."

नऊ महिने तो माझे शब्द ऐकून घेत होता.

बोट गेली. दिसेनाशी होईपर्यंत उभी राहिले. मग आनंदीच्या दारात गेले. म्हटलं, पाणी दे गो.